पुदिन्याआधीचा हंगाम

मित्रांनो, माझ्या हँडलला सध्या लाल-काळ्या लोकरीचं दावं बांधलेलं आहे, जनावराला बांधतात तसलं. त्यावरून माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. मी सायकल आहे. डोंगरात पळवायची, एकवीस गिअरची. माझ्या पुढच्या चाकाला धक्के गिळणारे दोन दांडे आहेत, त्यांतला एक अजूनही गिळतो. मी जुनी आहे हे खरं, पण म्हातारपणामुळे माझी ही गत झाली असं तिझगी गावात जे सांगतात ते साफ खोटं आहे. माझी ही गत एका दगडामुळे झाली. तो दगड बास्सूने उचलला. हे सगळं मी शांतपणे सांगणार आहे, निदान सुरुवात तरी शांतपणे करते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते फ्रान्समधल्या एका गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, सहा वर्षं उभं राहणं. माझ्यावर एक कुंडी ठेवलेली होती. मग एका ऑगस्टमध्ये मोहा नावाच्या माणसाने मला गाडीच्या टपावर चढवलं. टपावर आधीच एक फ्रीज, तीन गाद्या आणि गुंडाळलेला गालिचा होता. सगळ्यांत वर मी, चाकं आभाळाकडे. परदेशात राबणारी आमच्या खोऱ्यातली माणसं ऑगस्टमध्ये अशीच घरी येतात. स्पेन मी उलटा पाहिला. समुद्रही उलटाच ओलांडला. ॲटलासचे डोंगर पहिल्यांदा दिसले तेव्हा ते मला वरून टांगल्यासारखे वाटले, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा विश्वास जरा कमीच आहे.

तिझगीत पोचल्यावर मोहाने फ्रीज आईला दिला, गाद्या बहिणींना दिल्या, गालिचा मशिदीला दिला. मी उरले.

"हिचं काय करायचं?" मोहाने विचारलं.

"बास्सूला दे," कुणीतरी म्हणालं. "त्याला काहीही चालतं."

माझा सत्कार तो एवढाच.

बास्सू तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पाटाच्या कडेला पुदिन्याचा एक तुकडा, चार अक्रोडाची झाडं आणि बायको तूदा, एवढा त्याचा संसार. पहिल्याच दिवशी तो माझ्यावर बसला आणि मशिदीपासून थेट पाटापर्यंत ब्रेक न लावता उतरला. शौर्य वगैरे नाही, ब्रेक कुठे असतात तेच त्याला ठाऊक नव्हतं. पाटातून उठला, हनुवटीवरचं रक्त पुसलं आणि म्हणाला, "परत." मित्रांनो, सहा वर्षं डोक्यावर कुंडी वागवलेल्या सायकलीला असा माणूस भेटला की तिचं काय होतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

त्या हिवाळ्यात घरचं खेचर मेलं. दर मंगळवारी ते तूदाचा पुदिना नऊ किलोमीटर खाली बाजारगावात नेत असे. आता तूदा तोच पुदिना पाठीवर बांधून नेऊ लागली. साठ जुड्या, चादरीत गुंडाळून, कपाळाला पट्टा लावून. येताना ती अंगणात भिंतीला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघायची. मला ती नजर आवडत नसे.

"हिला मागे लोखंडी कॅरियर बसवलं," ती एकदा म्हणाली, "तर साठ जुड्या आरामात बसतील."

"ही शर्यतीची सायकल आहे," बास्सू म्हणाला.

"कुठल्या शर्यतीची?"

बास्सू माझी चाकं पुसू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने नाव नोंदवलं. लोक शर्यतीत जिंकायला उतरतात. हा उतरला तो बायकोला दिलेलं उत्तर खरं करायला.

आमच्या खोऱ्यातल्या हौशी लोकांच्या पाच शर्यती असतात, वसंतापासून अक्रोड झोडपायच्या दिवसांपर्यंत. तूदाने अट घातली. "पाचातल्या एकीत तरी पहिल्या तिघांत ये. नाही आलास तर लोहार, कॅरियर आणि पुदिना."

"आणि आलो तर?"

"तर मी पाठीवर नेत राहीन आणि एक शब्द बोलणार नाही."

यातला कुठला भाग जास्त भीतीदायक आहे हे सायकलीलाही कळत होतं.

पहिली शर्यत आली. शिट्टी वाजली, तेवीस सायकली सुटल्या, आणि पहिल्याच वळणावर हद्दू काका कुंपणाशी उभे होते. हद्दू काका म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे, आणि आमच्याकडे माणसाची विचारपूस न करता पुढे जातो तो फक्त चोर. बास्सूने ब्रेक लावला. (ब्रेक कुठे आहेत हे त्याला एव्हाना कळलं होतं. वाईट वेळी कळलं.)

"सलाम, हद्दू काका! बरे आहात ना? काकू बऱ्या? सुना? गुरं? मधमाश्या? गुडघा काय म्हणतो?"

हद्दू काकांचा गुडघा अकरा मिनिटं बोलला. आम्ही तेविसावे आलो.

"कितवा आलास?" तूदाने दारातच विचारलं.

"हद्दू काकांचा गुडघा सुधारतोय."

"बक्षिसाचा पेला आणलास?"

"सूज उतरलीय, ते दाखवत होते मला."

दुसऱ्या शर्यतीत आमच्यापुढे एक लिंबाच्या रंगाचा माणूस थांबलेला दिसला. कपडे लिंबाच्या रंगाचे, अंगाला असे चिकटलेले की सोलून काढावे लागत असतील. तो जवाद. बाजारगावात त्याचं औषधाचं दुकान आहे आणि वर तिसऱ्या मजल्यावर घर. त्याचं चाक पंक्चर झालं होतं. बास्सूने स्वतःजवळची एकुलती एक जादा ट्यूब त्याला दिली, बसवून दिली, हवा भरून दिली, आणि तो निघाल्यावर पाठीमागून "सांभाळून जा रे!" असंही ओरडला. जवाद तिसरा आला. आम्हीच त्याला तिसरा आणला. पुढच्या आठवड्यात त्याने आभार म्हणून दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब पाठवली. ती हद्दू काकांच्या गुडघ्याला गेली.

तिसरी शर्यत माझ्यामुळे गेली असं म्हणतात. मित्रांनो, यात माझी बाजू ऐका. बास्सूला कुणीतरी सांगितलं की चेनला तेल घालावं. त्याने घरातलं सगळ्यांत उत्तम तेल घातलं. ऑलिव्हचं. पहिल्या घाण्याचं. वास असा घमघमला की शर्यतीच्या सकाळी जाग आली तेव्हा दोन शेळ्या माझी चेन चाटत होत्या आणि तिसरी पाळीची वाट बघत उभी होती. उरलेल्या तेलावर धूळ बसली, धुळीचा चिखल झाला, आणि चढावर चेन दोन ठिकाणी तुटली. बास्सूने मला खांद्यावर घेऊन शर्यत पूर्ण केली. शेवटच्या रेषेवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांद्यावरून टाळ्या ऐकणं फार अपमानाचं असतं.

चौथीबद्दल मी बोलणार नाही. तिच्यात एक लग्नाची वरात होती.

राहिली पाचवी. आणि पाचवीच्या आधी बाजारगावच्या चौकात कागद लागला. आयोजकांना या वेळी पेले मिळाले नव्हते. कुणा दानशूर बागायतदाराने दुसरंच काहीतरी दिलं होतं. पहिलं बक्षीस, एक खेचर. वय चार वर्षं, दात उत्तम.

तूदाने तो कागद दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिने दावं वळायला घेतलं. लाल आणि काळी लोकर, मधे मधे गाठ, टोकाला गोंडा. सगळं आता सरळ होतं, मित्रांनो. बास्सू जिंकला तर खेचर पुदिना नेईल, तूदाची पाठ सुटेल आणि मी डोंगरात पळेन. हरला तर खेचर मीच. इतकं स्वच्छ गणित मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

शिवाय ही शर्यत आमच्याच गावातून जात होती. बाजारगावातून वर, तिझगीतून पाट ओलांडून कड्यावर, आणि तिथून उतरून पुन्हा बाजारगावात. आदल्या दिवशी दुपारी आयोजकांची माणसं आली आणि वाटेवरच्या दगडांवर चुन्याने बाण काढून गेली. पाटाजवळ वाट फुटते. उजवीकडची कड्यावर जाते, डावीकडची पाटाच्या बांधावरून बास्सूच्या इत्तो आत्याच्या अंगणात जाऊन संपते. म्हणून तिथे त्यांनी चांगला मोठा, चपटा दगड शोधला, त्यावर बाण काढला आणि तो उजवीकडे तोंड करून ठेवला.

त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजापासून सूर्यास्तापर्यंत बास्सूची पाण्याची पाळी होती. आमच्याकडे पाळी चुकली तर पाणी आठ दिवस पुढे जातं, मग बादशहा आला तरी मागे येत नाही. बास्सू मला घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला, गेला. डाव्या अंगाचं दारं बुजवायचं होतं, म्हणजे पाणी पुदिन्याकडे वळेल. माती होती, गवत होतं, दगड हवा होता. मोठा, चपटा. इकडेतिकडे बघितलं आणि समोरच्या वाटेवर अगदी हवा तसा दगड. बास्सूने तो उचलला, डावीकडच्या दाऱ्यात बसवला, पायाने दाबला. पाणी वळलं. मग त्याने हाताकडे पाहिलं. तळवा पांढरा झाला होता.

"हे काय लागलं?" तो स्वतःशीच म्हणाला, आणि हात माझ्या सीटला पुसला.

मी पाहिलं होतं. बाण आता डावीकडे बघत होता, इत्तो आत्याच्या घराकडे. तुम्ही विचाराल, तू काही बोलली का नाहीस? पहिलं म्हणजे मी सायकल आहे. दुसरं म्हणजे, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

सकाळी चोवीस सायकली सुटल्या. आम्ही नेहमीप्रमाणे शेवटी. बास्सूने या वेळी ठरवलं होतं की वाटेत कुणाशी बोलायचं नाही, म्हणून तो प्रत्येक माणूस दिसला की मान खाली घालत होता, आणि मान खाली घातल्यामुळे दोनदा कुंपणात गेला. पाटापाशी पोचलो तेव्हा पुढे कुणीच दिसत नव्हतं. बास्सू सवयीने उजवीकडे वळला. ज्या वाटेने माणूस रोज शेतावर जातो त्या वाटेवरचे बाण कोण बघतं?

कड्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत हद्दू काका बसले होते, मांडीवर यादी, हातात पेन्सिल. कड्यावरून कोण गेलं त्याची नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"ये बाबा! पहिला आलास!" ते ओरडले.

"चेष्टा नको, काका. बाकीचे किती वेळापूर्वी गेले?"

"कोण बाकीचे? सकाळपासून दोन बोकड गेले. त्यांच्या पाठीवर नंबर नव्हते म्हणून मी लिहिलं नाही."

बास्सूने मातीकडे पाहिलं. मातीवर एकाही टायरचा माग नव्हता. काकांनी यादीत सगळ्यांत वर त्याचं नाव लिहिलं, जीभ बाहेर काढून, सावकाश. त्यांनी गुडघ्याचा विषयसुद्धा काढला नाही. "पळ!" म्हणाले. "खेचर आण!"

आणि मित्रांनो, आम्ही सुटलो. कुंडीखालची सहा वर्षं, कोंबड्यांनी माझ्या सीटवर घातलेली अंडी, शेळ्यांच्या जिभा, सगळं त्या उतारावर मागे पडलं. तो माझ्यावर उभा राहिला होता, कोपर बाहेर, गुडघे सैल, आणि मी जिथे म्हणेन तिथे तो जात होता. खाली बाजारगावाचं पाण्याचं टाकं दिसू लागलं. चार किलोमीटर उरले होते. मग वळण आलं, आणि त्या वळणावरून दरीपलीकडे इत्तो आत्याचं अंगण दिसतं.

अंगणात रंगीबेरंगी माणसं बसली होती. तेवीस. भिंतीला तेवीस सायकली टेकलेल्या. चुलीतून धूर निघत होता. मधोमध, एक लिंबाच्या रंगाचा ठिपका रोटी मधात बुडवत होता.

बास्सूने ब्रेक लावला. दरीकडे पाहिलं. मग खाली माझ्या सीटकडे पाहिलं. तिथे पांढरी पाच बोटं होती.

"अरे देवा," तो म्हणाला. "तो दगड."

मी म्हटलं नाही, पण माझ्या प्रत्येक तारेने म्हटलं, चल! चार किलोमीटर! त्यांना काही कमी आहे का, मध आहे, रोटी आहे! उद्या माफी माग, आयुष्यभर माग, पण आता चल! मी त्याच्यासाठी काय केलं नव्हतं? त्याने मला उलटं वळवलं. चढावर. गिअर बदलायलासुद्धा विसरला.

इत्तो आत्याचे चारही मुलगे परदेशात. ते ऑगस्टमध्ये येतात, आणि हा ऑक्टोबर होता. अशा घरी सकाळी सकाळी तेवीस पाहुणे दारात उभे राहिले आणि विचारू लागले, "पुढे कुठे?" ती म्हणाली, "पुढे कुठे, आत या." तिने थोरल्याच्या लग्नानंतर बाहेर न निघालेले चहाचे पेले काढले होते. तीन कोंबड्या कापल्या होत्या. त्यांची ताजीन, झाकणाच्या मातीच्या भांड्यातला रस्सा, चुलीवर चढली होती आणि शिजायला अजून तासभर होता.

आम्ही पोचलो तेव्हा जवाद तोंडात घास घेऊन म्हणाला, "या वर्षी व्यवस्था उत्तम आहे हं. मागच्या वर्षी नुसतं पाणी दिलं होतं."

"ही व्यवस्था नाही," बास्सू दम खात म्हणाला. "ही माझी आत्या आहे."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"वाट चुकलात तुम्ही. बाणाचा दगड मी हलवला. काल पाण्याला. मुद्दाम नाही, दारं बुजवायला हवा होता. वाट उजवीकडे आहे."

जवादने घास गिळला. "तू कुठपर्यंत गेला होतास?"

"कड्याच्या खालच्या वळणापर्यंत."

"पहिला?"

"हो."

"आणि परत आलास?"

"हो."

"डोकं ठिकाणावर आहे ना, भाऊ? माझ्या दुकानात त्यावरही गोळी मिळते."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शर्यत अजून चालू आहे. तेवीस माणसं एकदम उठली, चहा सांडला, सायकली एकमेकींत अडकल्या, जवाद हातात रोटी तशीच धरून निघाला, आणि मिनिटभरात अंगण रिकामं. बास्सू माझ्यावर बसायला वळला. इत्तो आत्याने त्याची बाही धरली.

"तेवीस जणांचं मांडलं होतं मी," ती म्हणाली. तिच्या हातात झारा होता. "सगळे गेले."

"आत्या, शर्यत आहे."

"मी कुठे नाही म्हणते? जा. मी एकटी तीन कोंबड्या खाईन."

बास्सूने मला अक्रोडाच्या झाडाला टेकवलं. तो बसला. ताजीन शिजायला तासभर लागला. त्या तासात माझ्यावर चार अक्रोड पडले, आणि प्रत्येक अक्रोड मी मोजला. तो जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, धाकट्या मुलाचं पत्र आलं का विचारलं. आत्या हसत होती. मला त्यात काहीही हसण्यासारखं दिसलं नाही.

कड्यावर हद्दू काका खुर्ची घडी करत होते. आम्हाला बघून त्यांनी यादी पुन्हा उघडली.

"तुझं नाव दोनदा झालंय," ते म्हणाले. "वर एक नंबरला, आणि आता खाली चोवीसला. कुठलं ठेवू? माझ्याकडे खोडरबर आहे."

बास्सू जरा वेळ त्या यादीकडे बघत राहिला. वरचं नाव फार सुबक लिहिलेलं होतं.

"खालचं ठेवा, काका. गुडघा कसा आहे?"

बाजारगावात पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून तिची घडी घालत होते. चौकात तूदा एकटी उभी होती, हातात दावं. खेचर जवादने जिंकलं होतं आणि ते त्याच्यामागे चालत गेलं होतं. (ते अजून त्याच्याकडेच आहे. तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, म्हणून दिवसभर औषधाच्या दुकानाबाहेर उभं असतं. म्हाताऱ्या बायका त्याला खोकल्याचं विचारतात.)

तूदाला सगळं कळलं होतं. जवादनेच सांगितलं होतं, रोटी खात खात.

"दगड तू हलवलास?" तिने विचारलं.

"हो."

"बाण दिसला नाही?"

"दगड चांगला होता. चपटा."

"आणि पुढे होतास, ते सोडून मागे गेलास."

"हो."

तूदा दाव्याचा गोंडा बोटाला गुंडाळत होती.

"पुदिन्याला पाणी पोचलं का?"

"पोचलं. शेवटच्या वाफ्यापर्यंत."

"मग नेणार कशावर?" असं म्हणून तिने ते दावं माझ्या हँडलला बांधलं. पक्की गाठ मारली. आणि मला हाताला धरून लोहाराकडे घेऊन गेली. बास्सू मागून चालत आला. तो, लाज वाटते सांगायला, जरा सुटल्यासारखा दिसत होता.

तर आता दर मंगळवारी मी पुदिना नेते. साठ जुड्या. मला घंटी बसवली आहे. माझ्या अंगाला असा वास येतो की शेळ्या परत येऊ लागल्या आहेत. तूदा आमच्या आधी निघते, मोकळ्या हातांनी, कड्यावरच्या जवळच्या वाटेने, आणि कड्याखालच्या त्याच वळणावर आम्ही तिला गाठतो. ती थांबत नाही, बाजूला सरते आणि ओरडते, "कुणाशी बोलत बसू नकोस!" तिची पाठ आता सरळ असते, एवढं मी मान्य करते. जास्त नाही करणार.

आणि एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती कुणाच्याच यादीत नाही. त्या दिवशी जवादला, तो स्वतःच सांगतो, कड्यावरून बाजारगावात उतरायला चौदा मिनिटं लागली. परवाच्या मंगळवारी आम्हाला बारा लागली. साठ जुड्यांसकट. एकही जुडी पडली नाही. चौकात फक्त जवादचं खेचर उभं होतं. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्या चेनला चेनचंच तेल घाला, स्वयंपाकघरातलं नको. तिच्यावर कुंडी ठेवू नका. आणि वाटेवरचा दगड उचलण्याआधी त्याच्यावर काही लिहिलंय का ते पाहा. पाहायचं राहिलंच, आणि मग एखाद्या उतारावर, चार किलोमीटर उरलेले असताना, हाताला लागलेला चुना आठवला, तर वळायचं की नाही ते मला विचारू नका. बास्सूला विचारा. मी अजून चिडलेली आहे.